परतवाड्याची पांढरी मादी

मे महिन्यात वऱ्हाडात निघालेल्या बाईला सांगलीत वेड्यात काढतात. मलाही काढलं. ऊन लागून अंथरूण धराल, असं शेजारपाजाऱ्यांनी बजावलं होतं. ऊन लागलं, पण अंथरूण काही धरलं नाही. मी परत आले ती संतापून, आणि पावसाळा सरत आला तरी तो संताप उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. साप हा माझा आवडीचा विषय. माझी मैत्रीण कुसुम लग्न होऊन अमरावतीला गेली; तिचे यजमान तिथे वकिली करतात. दर उन्हाळ्यात ती बोलवायची आणि दर उन्हाळ्यात मी टाळायची. यंदा तिनं कळवलं की परतवाड्याजवळ नानासाहेब नावाच्या एका बागाईतदाराकडे पांढरे अजगर आहेत, मादी अंडी घालते पण पिल्लं निघत नाहीत, आणि कुणी जाणकार येऊन बघेल तर त्यांना हवंच आहे. मग मला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

अमरावती

रेल्वेचं वर्णन करत नाही. बडनेऱ्याला धुरानं काळी होऊन उतरले, एवढं पुरे.

कुसुमच्या घरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते आणि त्यांवर दुपारभर पाणी मारत राहायचं काम आळीपाळीनं सगळ्यांकडे होतं. आत ओल्या मातीसारखा वास, बाहेर भट्टी. जेवायला बसलो तेव्हा कुसुम स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "सांबार आन व." मी भातात खड्डा करून आमटीची वाट बघत बसले. आली ती चिरलेली कोथिंबीर. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला कुसुमच्या लग्नाला आले होते तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सगळं घर माझ्या त्या खड्ड्याकडे बघून हसलं.

कुसुमची भाषाही पार बदलली आहे. आमच्यात सगळ्यांत हळू बोलणारी ही मुलगी आता "कावून आला नाई?" म्हणजे का आला नाहीस, असं दारातून भाजीवाल्याला दरडावते. आमच्या कानांना पहिल्या दिवशी हे भांडण वाटतं. दुसऱ्या दिवशी कळतं, की इथे माणसं मनातलं तोंडावर बोलतात आणि मग एकत्र चहा पितात. आमच्याकडे गोड बोलून वर्षानुवर्षं मनात ठेवतात. मला इकडचं बरं वाटलं.

रात्री अंगणात बाजा टाकल्या. वकीलसाहेब नानासाहेबांबद्दल म्हणाले, "माणूस दिलदार आहे. आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. फक्त त्या सापांचा विषय निघाला की कुणाचं ऐकत नाही."

सकाळच्या पहिल्या बसनं कुसुम आणि मी निघालो. आमच्या पुढच्या बाकावर एक पन्नाशीची दणकट बाई होती, आणि तिच्याजवळ खिडकीशी विशी-बाविशीची एक मुलगी. बाईंनी वळून सरळ विचारलं, "कुठं चालल्या?"

"परतवाड्याला. अजगर बघायला."

"मंग तं आपली वाट एकच. आमी पन तिथंच जाऊन राहिलो. अकोल्याहून आलो. हे माही सून, सुशीला. हिची ओटी भराची हाये त्या पांढऱ्या मादीजवळ."

नानासाहेबांकडच्या पांढऱ्या मादीला हात लावला की मूल होतं, असं म्हणे चारी बाजूंना पसरलं होतं. लांबलांबून बायका येतात, मादीला हळदकुंकू वाहतात, आणि तिनं टाकलेल्या कातीचा तुकडा ओटीत घेऊन जातात. कुसुमनं हे मला कळवलं नव्हतं. मी येणार नाही अशी तिला भीती होती.

बाई सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या. "लग्नाले चार वर्सं झाले, घरात पाळना नाई. वांझच निघाली म्हना न. माह्या सख्ख्या भावाची पोर, म्हून ठेवली. दुसऱ्याची असती तं कवाच माहेरी धाडली असती. यंदा नाई झालं तं पोराले दुसरी पाहाची."

सुशीला खिडकीबाहेर बघत होती. तिचा कान आमच्याकडे होता आणि तो लाल झाला होता.

कुसुम वकिलाची बायको. ती म्हणाली, "आता कायद्यानं दुसरी करता येत नाही, मावशी."

"कायदा कचेरीत राह्यते, बाई. आमच्या गल्लीत नाई येत."

मला राग तिथेच यायला लागला होता. थोड्या वेळानं त्याच बाईंनी फडकं सोडून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि मी पाणी पीत पीत ती खाल्ली. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

परतवाडा

नानासाहेबांचं घर गावाबाहेर, संत्र्याच्या बागेत. मागे मेळघाटाचे डोंगर उन्हात निळसर दिसत होते. नानासाहेब स्वतः फाटकापर्यंत आले. पांढरंशुभ्र धोतर, हसरा चेहरा, वाकून नमस्कार. सुशीला आणि तिची सासू इतर बायकांबरोबर पडवीत बसल्या, आम्हाला आत नेलं. बाईमाणूस प्रोफेसर बघून ते जरा गोंधळले, पण मग माझ्याशी अगदी अदबीनं बोलायला लागले.

दिवाणखान्यात भिंतीवर दोन अजगरांची कातडी ताणून लावली होती. हस्तिदंती रंग, त्यावर लिंबासारखे पिवळे पट्टे. इतकी सुंदर की मी जवळ जाऊन हात लावला.

"ह्या आधीच्या दोन माद्या," नानासाहेब म्हणाले. "दोन्ही वांझ निघाल्या. दर साल अंडी घालायच्या, आत नुसतं पाणी. नुसतं खाऊ घालून काय करायचं?"

सकाळपासून तो शब्द मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यात तूप ओतायचं, वर वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. आमच्याकडे असं काही करत नाहीत, ही आमची चूक आहे. नानासाहेब आग्रहानं वाढत होते आणि अजगरांची वंशावळ सांगत होते. वीसेक वर्षांपूर्वी गाविलगडाच्या पायथ्याला त्यांच्या माणसांना एक पांढरा नर सापडला. साध्या रंगाच्या मादीशी त्याची जोडी लावली, तर सगळी पिल्लं साधी. मग त्यांनी त्याच नराशी त्याच्याच लेकींची जोडी लावली, तेव्हा काही पिल्लं पांढरी झाली. पुढे पांढरा भाऊ आणि पांढरी बहीण. त्यांची पिल्लं पुन्हा आपसांत.

"बाहेरचा एक थेंब येऊ दिला नाही," ते म्हणाले. "आमच्या घराण्याची सोयरीकसुद्धा इतकी पारखून होत नाही."

मी हातातला घास खाली ठेवला. आजार काय आहे, ते मला मादी बघायच्या आधीच कळलं होतं.

अजगरांची जागा घराच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली. विटांच्या खोल्या, पुढे जाळी. पत्रा तापून आत श्वास घेववत नव्हता. मादी कोपऱ्यात गवतावर अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती. अंगावर ओल्या हळदकुंकवाचे थर. डोळे गुंजेसारखे लाल. तिचं अंग मधूनमधून थरथरत होतं.

"थंडी वाजते का तिला?" कुसुमनं विचारलं.

"अंडी उबवते आहे. अजगराची मादी अंग थरथरवून ऊब तयार करते. अंड्यांवर बसली की ती खातही नाही."

ती किती खंगली होती ते मला दिसत होतं. कण्याचं हाड पाठीवर वर आलं होतं. दर वर्षी ती अशी बसत होती, आणि दर वर्षी हे गृहस्थ तिच्या नावानं बोटं मोडत होते. एवढ्यात नानासाहेबांच्या माणसानं दार उघडलं आणि पडवीतल्या बायका ताटं घेऊन आत आल्या. एकेकीनं अंड्यांवर बसलेल्या त्या मुक्या जिवाच्या पाठीवर कुंकू टाकलं. सुशीलानंही टाकलं. तिच्या ओटीत कातीचा तुकडा पडला.

मी नानासाहेबांना बाजूला घेतलं. "ही वांझ आहे म्हणता, आणि तिच्याच कातीचा प्रसाद मूल व्हावं म्हणून देता?"

"लोकांची श्रद्धा आहे, बाई. मी कुणाला बोलवत नाही."

"खराब म्हणून बाजूला काढलेली अंडी आहेत का?"

होती. एका टोपलीत, राखेत. मादीनंच वेटोळ्याबाहेर ढकललेली. पिवळट पडलेली, खपाटीला गेलेली. मी पर्समधली लहान कात्री काढली. नानासाहेब म्हणाले, "आत पाणी आहे नुसतं." मी म्हटलं, "बघू या."

पहिलं अंडं खरंच पाण्याचं निघालं. नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याचं कातडं कापलं, आणि आत पिल्लू होतं. पुऱ्या दिवसांचं, पांढरं, गुंडाळी करून बसलेलं, मेलेलं. मी ते हळूच तळहातावर सरळ करायला गेले, तर सरळ होईना. कणा दोन ठिकाणी वाकडा होता. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. पुढच्या अंड्यातही पिल्लूच, त्याचा जबडा अर्धाच. वास इतका होता की कुसुम पदर लावून बाहेर गेली. पण बायका जवळ आल्या. सुशीलाची सासू सगळ्यांत पुढे होती.

"नानासाहेब," मी म्हटलं, आणि वर्गात बोलते तसा माझा आवाज चढला होता, "ही वांझ नाही. त्या भिंतीवरच्या दोघीही नसतील. हिला गर्भ धरतो, पुरा वाढतो, आणि अंड्यातून बाहेर यायचं बळ त्याला राहत नाही. वीस वर्षं तुम्ही बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण यांचीच जोडी लावलीत. एकाच रक्तात तेच दोष दोन्हीकडून साठत गेले. दोष तिचा नाही, तुमच्या हौसेचा आहे."

"मग औषध काय?"

"औषध नाही. रानातला साधा नर आणा."

"पिल्लं काळी होतील."

"होतील. पण त्यांना डोळे असतील. धीर धरलात तर त्यांच्या पुढच्या पिढ्यांत पांढरीही येतील, आणि ती जगतील."

"तोवर पांढऱ्या अजगरांचं नाव राहील का? काळे अजगर तं रानात पडलेलेच आहेत, ते पाहाले कोण येईल इथं?" त्यांची शहरी भाषा आता गळायला लागली होती. "बाई, तुमी शिकलेल्या आहात. पण मादी ते मादी. तिच्यात कस नाही म्हनून पोर मरते. बाकी सारं पुस्तकातलं."

तेव्हा मागून एक बारीक आवाज आला. सुशीला बोलत होती, आणि ती नानासाहेबांशी नव्हे, सासूशी बोलत होती.

"आत्या, म्हनजे तिले झाले होते न. हे मेले, पन झाले होते."

सासू पुढे वाकली. माझ्या हातातल्या पिल्लाकडे बघत राहिली.

मी नानासाहेबांना शेवटचं सांगितलं की ही मादी तरी मारू नका. ठेवायची नसेल तर रानात सोडा. त्यांनी हात जोडले आणि फाटकाकडे चालायला लागले. निरोप देण्याची ती सभ्य रीत होती. मी तिथून तडक वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं पंख्याखालून न उठता सांगितलं, "साप पाळाले परवानगी नाई लागत, बाई. माराले पन नाई लागत." चपलेचा अंगठा त्याच कचेरीच्या पायरीवर तुटला. दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला जायचा आमचा बेत होता. थंड हवा, मोठमोठ्या दऱ्या, सगळं ठरलं होतं. मला डोंगर बघायची इच्छा उरली नाही.

त्या मादीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. पाऊस सुरू झाल्यावर कुसुमचे यजमान कामानिमित्त तिकडे गेले होते. भिंतीवर आता तीन कातडी आहेत. आणि जाळीत तिची धाकटी बहीण आहे, तिच्याच भावाबरोबर. बायका अजून येतात.

छोटी गाडी

कुसुम अमरावतीला परतली. मला अकोल्याहून घरची गाडी धरायची होती, म्हणून मी शेजारच्या अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी रेल्वे घेतली; तिथून पुढे अकोला. ही गाडी इतकी सावकाश जाते की वाटेत उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. म्हणजे असं मला एका प्रवाशानं सांगितलं, आणि ते खरं वाटलं. डब्यात शिरले तर समोर सुशीला आणि तिची सासू. सकाळी बस गाजवणारी ती बाई आता खिडकीबाहेर बघत होती.

अंजनगाव गेल्यावर तिनं एकदम विचारलं, "मास्तरीनबाई, तो साप पुऱ्या दिवसाचा होता न?"

"हो."

"हिचंही पुऱ्या दिवसाचं होतं. पोरगा होता. त्याच्या आधी दोनदा तिसऱ्या-चवथ्या महिन्यात गेलं. पोरगा मेलेलाच आला. मीच न्हाऊ घातलं त्याले, मीच फडक्यात बांधलं. कोनाले हात लावू देला नाई." ती सुनेकडे वळली. "अन् मी हिले वांझ म्हनून राहिली. साऱ्या बसीत."

सुशीला रडत होती, पण आवाज न करता. ती रोजची सवय असावी असं दिसलं.

"खरं सांगा बाई. माह्या घरचंच रक्त खराब हाये का? मी भावाची पोर आनली, म्हून झालं हे?"

इथे मला फार जपून बोलावं लागलं. मगाशी नानासाहेबांसमोर मी ठासून बोलले होते, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या बाप-लेकींची जोडी लावलेली होती. आतेभाऊ-मामेबहिणीचं एक लग्न म्हणजे ते नव्हे. "माझ्या आईवडिलांचं लग्न असंच झालं," मी म्हटलं. "आईनं आत्याच्या घरात माप ओलांडलं. आम्ही सगळी भावंडं धडधाकट आहोत. जवळच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण तुमच्या घरी तेच झालं असेल असं मी कसं सांगू? दुसरं काहीही असेल. हिच्यात असेल, तुमच्या मुलात असेल. औषधानं बरं होण्यासारखंही असेल. तपासल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही डॉक्टरला कधी दाखवलं?"

"हिले दाखवलं न. दोनदा."

"आणि मुलाला?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं की घराच्या खांबाला ताप आहे का.

"गजाननाले? त्याले काय झालं?"

"तेच तर कुणाला माहीत नाही."

दर्यापूरच्या स्टेशनात बाईंनी पाण्याचा लोटा भरून आणला आणि आधी सुशीलाला दिला.

अकोला

अकोल्याला कुसुमच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई स्त्रियांच्या दवाखान्यात काम करत होत्या. माझी गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी मी या दोघींना तिथे घेऊन गेले. डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान, जवळच्याच खेड्यातल्या. आईवडिलांनी मजुरी करून शिकवलेल्या, धम्मदीक्षेनंतरच्या वर्षांत नागपूरला डॉक्टर झालेल्या. टेबलावर बुद्धाची लहान तसबीर होती. सासूबाईंनी ती पाहिली, क्षणभर उंबऱ्यावर थांबल्या. माझा राग पुन्हा वर यायला लागला. पण त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि समोर आलेलं पाणी प्यायल्या.

डॉक्टरबाईंनी सुशीलाचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आधीच्या दोन्ही वेळी तिला शक्तीचं टॉनिक देऊन परत पाठवलं होतं, हे ऐकल्यावर त्यांच्या ओठांची रेघ झाली. "तीनदा दिवस गेले आणि कुणी रक्तसुद्धा तपासलं नाही," त्या म्हणाल्या. "दोघांचंही तपासायचं. एकटीचं तपासून उपयोग नाही. नवऱ्याला आणा."

गजानन तेलाच्या मिलमध्ये कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत आईनं त्याला जवळजवळ धरूनच आणलं. उंच, देखणा, शर्टाला तेलाचा वास. तो दारातच अडला.

"मले काय झालं? मी तं चांगला हाये. मिलीतले लोकं काय म्हनतील?"

"चांगले आहात तर सुई टोचून घ्यायला काय हरकत आहे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बायकाच्या दवाखान्यात मानसाचं रक्त घेतात का? हे कोनं शिकवलं? या बाईनं?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी तोंड उघडणार होते. चांगलं लांबलचक बोलणार होते. पण त्याची आई मध्ये आली.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "मी तिले घेऊन हिंडली, देवाले हिंडली, सापाले हिंडली. तुले कोनी एक सवाल नाई केला. आता मी करून राहिली. हात काढ."

"आई—"

"पोरगं मी मातीत देलं गज्या, तू नाई. तू दाराबाहेर उभा होता. हात काढ."

तो बाही वर करत खुर्चीवर बसला. सुई बघून त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा सुशीलानं त्याचा दुसरा हात धरला. रक्ताचा निकाल यायला वेळ लागणार होता आणि मला गाडी होती. तो काय आला, मला आजही ठाऊक नाही. कुसुमनं दोनदा विचारू का म्हणून कळवलं. मी नको म्हटलं. ते त्यांच्या घरचं आहे.

निघताना मी बाहेर बाकावर सासूबाईंशेजारी टेकले. पलीकडे एक म्हातारी नातीला घेऊन बसली होती. इकडच्या रीतीप्रमाणे तिनं ओळख ना पाळख सरळ विचारलं, "आत गेली ते तुमची सून का व? लेकरू होत नाई का तिले?"

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"लेकरं झाले तिले," त्या म्हणाल्या. "जगले नाई. कावून नाई जगले, तेच इचाराले आलो."